सूर्यकांतचा थायरॉइड, माझं बीपी

...आणि वर मलाच विचारतात, "भावजी, बीपीची गोळी वेळेवर घेता ना?" आता काय बोलायचं! अहो, तुम्हाला सांगतो, ज्याला रोग झाला होता तो तिकडे व्हिएन्नात कोट-टाय घालून फिरतोय, आणि ज्याला काहीच झालं नव्हतं तो मी, इथं आर. के. पुरममध्ये, सरकारी क्वार्टरच्या तळमजल्यावर, कमी मिठाची आमटी भुरकतोय. तसा रोग त्यालाही नव्हताच म्हणा... पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही, पहिल्यापासून सांगतो.

सूर्यकांत म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारा, म्हणजे वरच्या मजल्यावर. मूळचा बार्शीचा, दिल्लीत सेक्शन ऑफिसर. सज्जन माणूस. इतका सज्जन, की फायलीवर स्वतःचं मत लिहायची वेळ आली की 'कृपया चर्चा करावी' लिहून मोकळा. ऑफिसात निदान चर्चा तरी होते हो, घरी तीही नाही, कारण घरी गिरिजावहिनी. आता वहिनी मनानं सोनं, त्यात वाद नाही, मला डेंग्यू झाला तेव्हा रोज पेज आणून देत होत्या; पण सूर्यकांतच्या वतीनं बोलायचा ठेका त्यांनी डोक्यावर अक्षता पडल्या त्या दिवशीच घेतलेला. भाजीवाला विचारतो, "अंकलजी, गोभी दूँ?" हा तोंड उघडणार इतक्यात, "अहो, तुम्ही गप्प बसा, मी सांगते." बँकेत तेच, मेट्रोच्या खिडकीशी तेच, न्हाव्याकडे तेच! भांग कुठून पाडायचा हे वहिनी न्हाव्याला फोनवरून सांगायच्या. आणि भांग पाडायला डोक्यावर उरलेलं किती, तर... इथंच सगळी गोम आहे.

झालं काय, निवृत्ती समोर दिसायला लागली असताना सूर्यकांतला परदेशी पोस्टिंग आलं. व्हिएन्ना! आपल्या वकिलातीत! ज्या माणसाचा अख्खा प्रवास बार्शी ते दिल्ली आणि दिवाळीत दिल्ली ते बार्शी, तो आता युरोपात जाणार. फक्त मेडिकल पास व्हायची. नाही झाली तर यादीतला पुढचा माणूस जाणार, आणि पुढचा कोण, तर त्याच्याच शेजारच्या टेबलावरचा धीरज बन्सल. ऑर्डर निघाल्यापासून तो रोज सकाळी येऊन विचारायचा, "भाईसाहब, तबीयत तो ठीक है ना?" इतक्या आशेनं तब्येत विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि नेमकं त्याच वेळी सूर्यकांतला देशाच्या प्रतिमेची काळजी पडली. संध्याकाळी फिरायला गेलो की सुरू, "अविनाश, वकिलातीत माणूस म्हणजे देश असतो रे, आणि देशाच्या कपाळावर असं मागे मागे सरकत गेलेलं..." म्हणून गड्यानं केसांच्या गोळ्या मागवल्या. बायोटिन म्हणे, आणि तेही जालीम डोसचं. आता वहिनींना कळलं तर त्या भाजीवाल्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना सांगणार, म्हणून पार्सल कुणाच्या पत्त्यावर? माझ्या! माझं डोकं तुम्ही बघताच आहात. देवघरातला शाळिग्राम तरी थोडा खडबडीत असेल. डिलिव्हरीवाला पोरगा एकदा पाकिटावरच्या घनदाट केसांच्या चित्राकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, आणि हळूच म्हणायचा, "ऑल द बेस्ट, सर." आमच्या रसिकानं, म्हणजे बायकोनं, पाकीट पाहिलं तेव्हा तिनं माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं की मला रडू यायचं बाकी होतं.

मग मेडिकल झाली. रक्त घेतलं, रिपोर्ट आला, आणि त्यात थायरॉइडच्या ओळी जाड ठशात. टीएसएच तळाला, टी-फोर छताला. सूर्यकांतनं तिथंच जिन्यात बसून मोबाइलवर लक्षणं वाचली, आणि तुम्हाला सांगतो, जिना चढून वर जाईपर्यंत त्याला ती सगळी व्हायला लागली! छातीत धडधड, हाताला कंप, झोप नाही, चिडचिड, धाप. आता नोव्हेंबर महिना, बाहेर धुरानं समोरची बस दिसत नाही, दिल्लीत या दिवसांत धाप न लागणारा आणि न चिडणारा एक माणूस मला आणून दाखवा! पण नाही, हे थायरॉइडच. दुसऱ्या दिवशी तर म्हणाला, "अविनाश, माझे डोळे बाहेर आल्यासारखे वाटतायत का रे?" मी म्हटलं, पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हाच आले होते, अजून आत गेले नाहीत.

पण गंमत सोडा, माणूस खरंच खचला होता. ऑफिसनं स्पष्ट कळवलं, स्पेशालिस्टचा दाखला आणा, नाहीतर नाव मागे घेऊ. मग कुणाच्या तरी ओळखीनं द्वारकेच्या एका क्लिनिकमधल्या डॉक्टर सबरवाल बाईंची वेळ मिळाली. सूर्यकांत म्हणाला, छातीत एवढं धडधडतंय, मेट्रोनं कसा जाऊ? म्हणजे गाडी कुणाची? बरोबर.

केबिनचं दार अर्धं उघडं होतं, मी बाहेर बाकावर, मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. डॉक्टर बाई शांत, हुशार, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी सूर्यकांतला विचारलं, "वजन कम हुआ है?" आणि लगेच, "अहो, तुम्ही गप्प बसा, मी सांगते. डॉक्टरसाहिबा, इनको कुछ बताना नहीं आता. वजन बिल्कुल कम नहीं हुआ, पँट ढीली करवाई है." पसीना? पसीना इनको बचपन से है. बालपणी ह्या कुठे होत्या हो तिथं? बार्शीला? पण कोण विचारणार! नाडी बघितली, ठीक. हात पुढे करायला लावले, कंप नाही, म्हणजे वहिनी बघत नव्हत्या तोवर नाही. डॉक्टर बाई बुचकळ्यात पडल्या. माणूस ठणठणीत आणि कागद आजारी. मग त्यांनी तो एकच प्रश्न विचारला, ज्याच्यावर सगळं अडलेलं, "कोई और गोली, विटामिन, सप्लिमेंट वगैरह लेते हैं?"

मी बाहेर बाकावरून उठून उभा राहिलो. सांग बाबा! आता सांग! सूर्यकांतनं श्वास घेतलेला मला बाहेर ऐकू आला. आणि वहिनी म्हणाल्या, "छे छे! ये तो क्रोसिन भी नहीं लेते. बाईस साल में मेरे पूछे बिना मुँह में कुछ नहीं डाला." आणि सूर्यकांतनं, तुम्हाला सांगतो, मान डोलावली.

पुन्हा टेस्ट. आणि हा शहाणा काय करतो, टेस्टच्या आदल्या दिवशी दोन गोळ्या जास्त घेतो! का? तर म्हणे, अशक्तपणा दिसायला नको. रिपोर्ट आणखी बिघडला. आता डॉक्टर बाई म्हणाल्या, किरणोत्सर्गी औषध देऊन गळ्याचा स्कॅन करू, आणि कदाचित जन्मभर औषधं लागतील. इकडे बन्सलनं लोकरी ओव्हरकोट शिवायला टाकला अशी बातमी. त्या संध्याकाळी फिरायला गेलो तर सूर्यकांत बागेतल्या बाकावर बसला तो उठेचना. म्हणाला, "मला एकट्याला डॉक्टरांशी बोलायचंय रे. फक्त एक मिनिट." मी म्हटलं, वहिनींना तसं सांग की. तर म्हणाला, "ते तरी मला कुठे सांगता येणार? अर्धं वाक्य माझं झालं की उरलेलं तिचं होतं." हे ऐकून मात्र मला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून मी तो मूर्खपणा कबूल केला.

बेत असा, की पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये मी बाहेर छातीत धडधडतंय असं करायचं, म्हणजे वहिनी माझ्याजवळ थांबतील आणि सूर्यकांत एकटा आत जाईल. सोपं! नंबर पुकारला, सूर्यकांत उठला, मी छातीवर हात ठेवला आणि जरासा कण्हलो. नाटकाचा मला अनुभव आहे हो, इथल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मी दरवर्षी प्रधान असतो. वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि थांबणं सोडाच, माझं मनगट धरलं आणि मला ओढत थेट केबिनमध्ये! सूर्यकांत राहिला मागे. "डॉक्टरसाहिबा, पहले इनको देखिए! ये हमारे भाई जैसे हैं!" मी म्हणतोय मला काही झालेलं नाही, मी म्हणतोय मी बरा आहे...

"भावजी, तुम्ही गप्प बसा, मी सांगते."

दंडाला पट्टा बांधला, फुस फुस हवा भरली आणि... बीपी निघालं! खरं! एकशेसाठच्या वर! नसेल का निघत? खोटं बोलायला आलेला माणूस, वर चादरीवर झोपवलेला, समोर वहिनी! डॉक्टर बाई गंभीर झाल्या. "आप कोई गोली लेते हैं?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि वहिनी म्हणाल्या, "लेते हैं ना! बालों की! हर महीने पार्सल आता है इनके घर, रसिका ने खुद बताया. मी कुणाला बोलले नाही भावजी, पण डॉक्टरांपासून काय लपवायचं?"

डॉक्टर बाई माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "बायोटिन?" मी दाराकडे बघितलं, सूर्यकांत तिथं उभा, पांढराफटक. त्या म्हणाल्या, बीपीचा त्याच्याशी संबंध नाही, पण बरं झालं की गोळ्या हे घेतात आणि ते घेत नाहीत. कारण बायोटिननं थायरॉइडचे रिपोर्ट साफ खोटे येतात. माणूस धडधाकट असतो आणि रिपोर्टात आजारी दिसतो.

व्हिएन्ना एका वाक्यावर आलेलं! 'मॅडम, गोळ्या माझ्या', एवढंच म्हणायचं. मी सूर्यकांतकडे बघतोय, सूर्यकांत वहिनींकडे बघतोय, वहिनी माझ्याकडे कीव करत बघतायत. बोलला का? नाही बोलला. एक शब्द नाही! उलट घाम पुसायला म्हणून यानं कपाळावरून रुमाल फिरवला, आणि डॉक्टर बाईंची नजर तिथं गेली, जिथं इतक्या महिन्यांच्या गोळ्यांनी कोवळी कोवळी लव उगवली होती. मग त्यांनी पुन्हा माझा शाळिग्राम पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि सगळ्यात गोड आवाजात म्हणाल्या,

"सूर्यकांतजी, जो आप नहीं लेते हैं, वो भी एक हफ्ते मत लीजिए। फिर टेस्ट करेंगे।"

वहिनींना यात काही वावगं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "बिल्कुल नहीं लेंगे, मैं देखूँगी."

आठवड्यानं टेस्ट झाली. टीएसएच नॉर्मल, टी-फोर नॉर्मल, सगळ्या ओळी बारीक ठशात. दाखला मिळाला, मेडिकल पास, बन्सलनं ओव्हरकोट शिंप्याकडेच राहू दिला. वहिनींनी कॉलनीभर सांगितलं की दुधीच्या रसानं थायरॉइड पळाला. निम्मी कॉलनी आता सकाळी उठून दुधीचा रस पिते. आणि मला? मला बीपीची गोळी, जन्मभर. शिवाय कॉलनीत माझी ओळख, ते तळमजल्यावरचे, केसांसाठी गोळ्या खाणारे. मला बघून लोक आधी माझ्या डोक्याकडे बघतात, फरक पडला का म्हणून.

आता परवा व्हिएन्नाहून व्हिडिओ कॉल आला. वहिनी मजेत, मागे खिडकीत बर्फ. आणि शेजारी सूर्यकांत, डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी. वहिनी म्हणाल्या, "भावजी, इथं इतकी थंडी, हे आल्यापासून टोपी काढतच नाहीत, ऑफिसातसुद्धा सगळे तसेच." म्हणजे देशाची प्रतिमा टोपीखाली! ज्या केसांसाठी माझी अब्रू गेली, ते केस तिथं कुणी पाहिलेलेच नाहीत! आणि वर वहिनी मायेनं विचारतात, "बीपीची गोळी घेता ना? आणि त्या दुसऱ्या गोळ्या सोडल्यात ना, नाहीतर हार्टवर जायचं." म्हटलं, बस. आता पुरे. आता हे दोघं समुद्रापार आहेत, पोस्टिंग पक्कं झालंय, कुणाचं काही बिघडत नाही, आता मी खरं सांगणार.

मी म्हटलं, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. त्या गोळ्या मुळात..."

आणि तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं संसारात कधी वाक्य पुरं केलं नाही, तो सूर्यकांत टोपीसकट पुढे आला, वहिनींना हातानं थोडं बाजूला केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खणखणीत आवाजात म्हणाला,

"अविनाश, तू गप्प बस. मी सांगतो. गिरिजा, त्यानं सोडल्या त्या गोळ्या."

वहिनी नवऱ्याकडे बघतच राहिल्या. इतक्या कौतुकानं बघत होत्या, की मला काही पुढचं बोलवेना. मग काय करणार... म्हटलं, हो वहिनी, सोडल्या.