फोन कोणी केला होता

नको, त्या बाकावर नको बसूस, ओला आहे — ती बादली उलटी कर आणि त्यावर बस. एमॉस? आहे ना आमचा मुख्य कोच, आतच आहे ऑफिसात, कालच्या फुटबॉल मॅचची फिल्म बघतोय. पण फिल्म बघताना त्याला मध्ये कोणी आलेलं खपत नाही, नऊपर्यंत तरी नाही. तोवर बस माझ्याजवळ. तीन वर्षांनी तोंड दाखवतोयस, कोडी, वीस मिनिटं तर देशील? बघ काय करतोय तुझा कोच. जर्स्या धुतोय. हस, हस, मोकळेपणाने हस. युनिव्हर्सिटीत होतो तेव्हा ह्या कामाला सहा माणसं होती, मला त्यांतल्या दोघांची नावंसुद्धा माहीत नव्हती. इथे शाळेत सहा नाहीत आणि दोनही नाहीत, इथे मी आहे. शुक्रवारी मॅच, शनिवारी सकाळी धुणं. आधी प्रत्येक पँटमधून गुडघ्याच्या गाद्या काढायच्या — राहिली एखादी तर मशीन अशी धडधडते की वाटतं आता भिंत पडणार. पहिल्या आठवड्यात माझ्या अकरा राहिल्या होत्या! एमॉस आला, वाकून एकेक काढली, चकार शब्द बोलला नाही.

तो बोलतच नाही रे. तेच तर. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, आपल्याला युनिव्हर्सिटीतल्या मुख्य कोचची, रॉइसची सवय, रॉइस खुर्च्या फेकायचा. इथली माझी पहिली मॅच सांगू? मी आपला युनिव्हर्सिटीतला बचावाचा सगळा खेळ घेऊन आलो होतो — एकशे चाळीस पानांची वही, ह्या शेताबांधावरच्या पोरांच्या हातात! ती पाठ करवून घेतली मी त्यांच्याकडून, रडकुंडीला आली पोरं. आणि मॅचमध्ये समोरचे तीनदा, तीनही वेळा एकाच बाजूने, रुंद बाजूने बॉल बगलेत मारून पळत गेले आणि थेट आत. मी शिव्या घालतोय पोरांना — कुठं उभे आहात, मी शिकवलं तिथं उभे राहा! ती तिथंच उभी होती, कोडी. मी शिकवलं तिथंच. शाळांच्या मैदानात खेळ जिथून सुरू होतो त्या आतल्या तुटक रेघा वेगळ्या असतात, हे मी साफ विसरलो होतो. युनिव्हर्सिटीत त्या एकमेकींच्या जवळ, इथे लांब. रुंद बाजू जवळपास सात फूट जास्त रुंद. अठरा वर्षं युनिव्हर्सिटीत बचाव शिकवला, आणि मैदान मोजायचं सुचलं नाही मला. दुसऱ्या दिवशी सकाळी एमॉस टेप घेऊन आला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं धरून चालत गेला. म्हणाला, "बघ, वेंडेल." एवढंच. नंतर आम्ही कॉफी प्यायलो.

चांगला माणूस आहे. माझ्यासारख्याला कोणी उभं करत नव्हतं तेव्हा त्याने घेतलं. तुला माहितीय ना मला कोणी का उभं करत नव्हतं? सगळ्यांना वाटलं, रॉइसने ह्याला मागे ठेवलं म्हणजे ह्याने काहीतरी केलं असणार. पिऊन पडला असेल, नाहीतर कुठं हात मारला असेल. कारण असं होतच नाही! मुख्य कोच मोठ्या जागी गेला की आपली माणसं घेऊन जातो, ही रीतच आहे आपल्यात, त्याला हाकललं तर आपणही जातो आणि त्याला उचललं तर आपणही. अठरा वर्षं मी त्याच्याबरोबर हाकलला गेलो, तीनदा, तीन गावं बदलली, बिचाऱ्या बायकोने, मार्लीनने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आणि उचलायची वेळ आली — "वेंडेल, सामान बांधायला घे, मी फोन करतो." हे त्याचे शब्द. पार्किंगमध्ये, खांद्यावर हात ठेवून. मार्लीनने लायब्ररीतली नोकरी सोडली. तिथल्या बायकांनी तिला निरोपाचा केक दिला. घराबाहेर विक्रीची पाटी लागली. आणि मी फोनशेजारी बसलो, एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी टीव्हीवर दिसलात तुम्ही सगळे. रॉइस माइकसमोर, मागे रांगेत त्याची माणसं, नव्या टोप्या घालून. तू उजवीकडून दुसरा. तुझ्या टोपीवरची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. मार्लीन म्हणाली, "अरे, हा तर कोडी." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "तुझी जागा कुठाय?" मी म्हटलं, तिथंच आहे, कोडी उभा आहे तिच्यावर.

नाही, बोलू दे मला. तुला मी पोरगा असल्यापासून ओळखतो, माझ्या हाताखाली लागलास तेव्हा तेवीस वर्षांचा होतास, माझ्या ऑफिसच्या कोपऱ्यात झोपायचास, थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या टेबलावर जेवायचास, टर्कीचा पाय मार्लीन तुला काढून ठेवायची. रॉइसने तोंडाला पानं पुसली ते एक वेळ समजू शकतो, रॉइस रॉइस आहे. पण तू? त्या दिवशी मी तुला चार वेळा फोन केला, चारही वेळा वाजून वाजून बंद झाला. आणि मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे — मान वर कर — रॉइस असले फोन स्वतः करत नाही. त्याने तुला सांगितलं होतं ना? "वेंडेलला तू कळव." सांगितलं होतं ना?

बघ. मला वाटलंच.

एक फोन रे. शिव्या घातल्या असत्या मी, रडलो असतो, पण मार्लीनला ती पाटी तरी काढता आली असती वेळेवर.

बरं. सोड. टेरेलसाठी आला आहेस तू, मला माहीत नाही का! टेरेल ओक्स, नंबर चौतीस — ही बघ त्याची जर्सी, हा डाग निघत नाही कशाने. असा पोरगा मी अठरा वर्षांत दोनदा पाहिला. तू जूनमध्ये त्याला तुमच्या युनिव्हर्सिटीच्या टीमचा शब्द दिलास, "तुझी जागा पक्की, बाकीच्यांना नाही म्हण." म्हणाला तो नाही सगळ्यांना. परवाच दुसऱ्या युनिव्हर्सिटीला नकार कळवला त्याने, शेवटची उरली होती तिलाही. आई रोज सकाळी नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, तिने तिथं सगळ्यांना सांगितलंय. म्हणजे आज तू — पण आज कशाला? स्कॉलरशिपची सही अजून सहा आठवड्यांवर आहे. शब्द द्यायला तर फोन पुरतो. चार तास गाडी हाकत, शनिवारी सकाळी, एकटा... सहीच्या कागदांचं पाकीटही नाहीये तुझ्या हातात.

कोडी.

जागा गेली? दुसरा कोणी घेतला रॉइसने? आणि तू ते सांगायला आलास. स्वतः. तोंडावर.

...कमाल आहे तुझी. मी नव्हतो आलो. अकरा वर्षांपूर्वी, ह्याच शाळेत, केलेब टिडवेल — एमॉसचा पोरगा. मीच शब्द दिला होता त्याला, ह्याच इमारतीत, त्याच्या आईच्या हातचा ॲपल-पाय खाता खाता. आणि सहीच्या दिवशी सकाळी, टेबलावर आपल्या टीमच्या रंगाचा केक, आजी नटूनथटून बसलेली, तेव्हा जागा गेल्याचा फोन गेला. कोणी केला फोन? तू केलास. माझ्या ऑफिसातून. मी समोर बसून सँडविच खात होतो आणि तुला खुणेने सांगत होतो, लवकर आटप. "सही होईपर्यंत शब्द फुकट असतो" — कुठे शिकलास तू हे? मीच शिकवलं. फोन ठेवलास आणि तुझ्या वाटचं सँडविच न खाता कचऱ्यात टाकलंस, आणि मी म्हटलं, होईल सवय. केलेब आता नदीवर मालवाहू बार्जवर काम करतो. शुक्रवारी आला की माझ्याशी हात मिळवतो.

म्हणून ऐक. तू जा. टेरेलला मी सांगतो, त्याच्या आईला मी सांगतो, माझं ते काम आहे. तू एमॉसकडे जाऊ नकोस. नाही, फिल्म वगैरे काही नाही — ते मी तुला उगाच सांगितलं, त्याचं दार उघडंच असतं. कारण... अरे, त्याने मला नोकरी देताना एकच प्रश्न विचारला होता. "केलेबला फोन कोणी केला होता?" एवढाच. आणि माझ्याकडे घर नव्हतं, मार्लीन तिच्या बहिणीच्या खोलीत राहात होती, आणि मी म्हटलं, माझ्या हाताखाली एक पोरगा होता, कोडी मार्श, त्याने केला, मला न विचारता, मला नंतर कळलं. तुझं नाव सांगितलं मी. खोटं कुठं होतं, फोन तर तूच केलास! अर्धं तर खरंच होतं. तू मला फसवलंस म्हणून — नाही, तेव्हा माझ्या डोक्यात टीव्हीच होता, ती टोपी होती, मला वाटलं, घे तूही थोडं. एमॉस नुसता मान हलवत राहिला, आणि म्हणाला, "सोमवारपासून ये."

उठलास? बरं केलंस. हे बघ, ह्या मशीनमागे दार आहे, सरळ पार्किंगमध्ये निघतं, कोणी बघणार नाही. टेरेलला मी नीट समजावेन, शब्द देतो तुला. कोडी, तिकडे नाही. ते ऑफिसकडे जातं. दार इकडे आहे, इकडे.

कोडी —