सहा गठ्ठ्यांचा चार्ज

— नाही नाही, ते सर्च नका दाबू, अरुणराव. सर्च दाबून पुस्तक सापडलं तर मग मी तीन आठवडे काय केलं? बसा. खुर्ची पुढे घ्या. उत्तरानं तुम्हाला पाठवलंय ते ठाऊक आहे मला — 'पप्पा गुरुवारी निघतायत, त्याआधी ती लायब्ररी समजावून घ्या, नाहीतर रवींद्रला संडेला चर्चमध्ये बोलताना काही सापडायचं नाही.' बरोबर? म्हणजे चार्ज द्यायचाय. देऊ. नगरच्या कचेरीत चौतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली, पण चार्ज एकदाच दिला, रिटायर झालो तेव्हा. सवय नाही.

तर. हे बायबल स्टडीचं सॉफ्टवेअर जावईबापूंनी घेतलं ते पाचशे बारा पुस्तकांसकट. सीडीतून सगळी एका रांगेत येऊन पडलेली, एबीसीडीप्रमाणे. अहो, एबीसीडीप्रमाणे भाजीसुद्धा कोणी लावत नाही! मी आपला दिवसभर घरात — अमेरिकेतल्या या फ्रिस्कोत ज्याला गाडी येत नाही त्याला पाय असून उपयोग नाही, फूटपाथवर चाललो की लोक गाडी थांबवून विचारतात, 'आर यू ओके, सर?' — तर रवींद्र म्हणाले, पप्पा, तुम्हाला वेळ आहे, जरा ऑर्गनाइझ करता का? जरा! कारकुनाला जरा म्हणू नये.

मी सरळ सहा गठ्ठे पाडले, सरकारी पद्धतीनं. हे बघा. स्थायी आदेश — यात नियमशास्त्रावरची भाष्यं, काय खावं, काय खाऊ नये, शेजाऱ्याचा बैल. नियतकालिक — यात स्तोत्रं, ती दर आठवड्याला लागतात. प्रतीक्षाधीन — यात जगाच्या अंतावरची सगळी, त्याचं उत्तर वरून यायचंय. प्रलंबित म्हणजे बायबलातला तो बिचारा, ज्याची गुरंढोरं, मुलंबाळं गेली आणि अंगभर फोड आले — त्याच्यावरची अकरा पुस्तकं. अहो, त्यानं अर्ज केला, वरून भलंमोठं उत्तर आलं, पण त्यानं विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात कुठे आहे? सरकारी उत्तर. प्रलंबितच. पाचवा गठ्ठा रेकॉर्डला पाठवायचा, म्हणजे ज्यांना कोणी हात लावणार नाही. आणि सहावा ड वर्ग. नाश करण्याचा. शिवाय प्रत्येक पुस्तकाला नंबर. ब, चार, एकशे नऊ — वर्ग, गठ्ठा, पाचशे बारांतला अनुक्रमांक. असा.

काय म्हणालात? यादी? यादी इथे आहे — नाही, कम्प्युटरमध्ये नाही. इथे. डोक्यात. हसू नका. खरं सांगायचं तर रजिस्टरही केलंय, ते बॅगेत तळाशी आहे, स्वेटरखाली. विसरून गेलं असतं माझ्याबरोबर. रेकॉर्ड रूमचं पहिलं तत्त्व काय माहितीय? फाइल सापडली पाहिजे — पण माझ्याशिवाय नाही. कलेक्टर बदलले नऊ, मला कोणी हलवलं नाही. साहेब स्वतः जिना उतरून यायचे, 'साळवे, एकोणीसशे चोपन्नचं ते प्रकरण...' आणि मी आधी चहा संपवायचो.

इथेही जमलं होतं हो! तुम्ही होतात ना त्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये? रवींद्र बोलायला उभे राहिले, लॅपटॉप उघडला, संदर्भ शोधतायत, शोधतायत — तीस माणसं, पोरं कुजबुजायला लागली — शेवटी त्यांनी मान वर केली, 'पप्पा?' आणि मी दुसऱ्या रांगेतून म्हणालो, 'ब, चार, एकशे नऊ.' काय हसले लोक! तुम्ही पण हसलात, मी पाहिलं. रिटायर झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. गाडीत जावईबापू समोरच्या रस्त्याकडेच बघत राहिले. मी म्हटलं, थकले असतील. संदेश देणं म्हणजे काय चेष्टा आहे?

असो. ड वर्ग दाखवायचा राहिला. इथे क्लिक करा. बघा, किती स्वच्छ. पाचशे बारा पुस्तकांत नाश करण्यासारखं एकही निघालं नाही, फक्त एक टिपण — थांबा. ते नको. बंद करा.

वाचलंत.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की वाचायला उलट सोपं जातं, नाही? 'पप्पा, फिफ्टीन्थ जूनपर्यंत. प्रभू, धीर दे.' याच सॉफ्टवेअरमध्ये, जावईबापूंच्या प्रार्थनेच्या यादीत होतं, त्याच रविवारच्या तारखेचं. मी मुद्दाम नाही शोधलं, लावता लावता हाती आलं. आणि अयोग्य काय आहे त्यात? प्रार्थना रीतसर आहे, मुदत घातलेली आहे, येत्या गुरुवारची. मीही माझ्या सासऱ्यांसाठी असंच काही मागितलं असेल, फक्त लिहून ठेवायची अक्कल मला होती — म्हणजे न लिहिण्याची. उत्तरा म्हणत होती, पप्पा, ग्रीन कार्डाचे फॉर्म भरू या, इथेच राहा. मी हो-नाही काही बोललो नव्हतो. मला वाटलं, आधी इथलं काम माझ्यावाचून अडू द्यावं. माणूस नको असला तरी कारकून लागतो. चौतीस वर्षांचा अनुभव आहे हो माझा.

रोज दुपारी उघडून बघतो. तारीख बदलली का. बदलत नाही. बदलेल कशी, मीच तर ड वर्गात टाकलंय, त्यांना सापडणार कुठून!

घ्या. हे रजिस्टर. स्वेटर राहू द्या बाहेर, नंतर भरीन. पाचशे बारा नोंदी आहेत, मोजून घ्यायच्या असल्या तर घ्या. इथे सही करा. खाली तारीख. बरं, आता चार्ज तुमच्याकडे. मग ते टिपण तुम्हीच काढा. ड वर्गाचा नाश कारकुनाला परस्पर करता येत नाही, मी आजवर केलेला नाही. दाबा. विचारतंय ना, 'आर यू शुअर'? इथे सगळेच विचारतात.

का थांबलात? नाही, रवींद्रना काही सांगायचं नाही. उत्तराला तर मुळीच नाही. दाबा म्हणतो ना.

— झालं? झालं. या तुम्ही आता. अहो, या. मला बॅग भरायचीय.