प्रकाशचा सर्व्हर

अकोल्याच्या आमच्या प्रकाशनं काय केलं सांगू? घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला अन् लग्नापासूनचे सारे फोटो त्यावर ठेवले. म्हणे, "आपले फोटो परक्या कंपनीत कायले ठेवाचे?" पासवर्ड फक्त त्यालेच माहीत.

यंदा उन्हाळ्यात तो हार्ट अटॅकनं गेला. मग एकदा लाइट जाऊन आली, अन् सर्व्हर पासवर्ड मागून राहिला. वहिनीनं बोलावलं म्हणून मी अमरावतीहून गेलो. पोरींची नावं, गावाचं नाव, सारं टाकून पाहिलं. उघडलंच नाही.

"नाही होत, वहिनी," म्हणत मी बटन बंद कराले गेलो.

"बंद नोका करू, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याचा पंखा घरघर करते ना, तं हे आतल्या खोलीत काम करून राहिले असं वाटते."