मेपलमधला खिळा

करवतीच्या पात्यांना धार लावून देणारं व्हरमाँटमधलं दुकान. रांगेत थेल्माच्या पुढे दोन म्हातारे बोलत होते.

“मर्ल, पातं मोडलंस?”

“अंगणातला मेपल घरीच चिरत होतो. कोरिनचा खिळा लागला.”

“कसला खिळा?”

“पोरगी चार वर्षांची असताना तिच्या उंचीवर ठोकलेला.”

“मग तेवढं खोड सोडायचं ना!”

“वरचं सोडलं की! म्हटलं, झाड वाढलं तसा खिळाही वर गेला असेल.”

“अरे लेका, झाड शेंड्याकडे वाढतं. खिळा ठोकला तिथेच राहतो.”

“हो ना. माझ्या कमरेएवढाच निघाला.”

“बरं, फळ्यांचं काय करणार?”

“जेवायचं टेबल. कोरिन आली की बसायला.”

“कधी येतेय?”

“फळ्या वाळायला दोन हिवाळे लागतील. तोवर हे मला कुणी विचारायचं नाही.”