करपलेली लोकर

सातारा स्टँडवर मी वाईच्या गाडीची वाट बघत होते. बाकावर शेजारी माण तालुक्यातल्या दहिवडीची धनगर म्हातारी. स्वेटर विणणाऱ्या नातीला पुण्याच्या गाडीत बसवायला आलेली. दोघींचा आवाज असा, की कान झाकले तरी ऐकू यावा. मी काही झाकले नाहीत.

“आजे, नीट बघ. आपला माळ विणलाय. उद्या पुण्यात प्रदर्शनात मांडायचाय.”

“ह्यो आपला? इतका हिरवा? ह्यात मेंढरं न्हाई, म्हशी चरत्यात.”

“धा रंग आणून बघितलं गं. चैतातला माळ काय उतरत न्हाई.”

“बाजारात कशाला हुडकतीस? काळ्या मेंढीच्या लोकरीचं शेंडं उन्हानं करपत्यात, तवा कसा रंग येतो?”

“तांबूस. व्हय की. सांजच्याला माळ दिसतो तसा.”

“माळ अन् मेंढी एकाच उन्हात उभी असत्यात, भाग्ये. रंग येगळा कसा असंल?”

“पर मेंढरं कातरायला अजून पंधरा दीस हायत. प्रदर्शन उद्या हाय.”

“मग जा की. पुण्यात आपला माळ कुणी बघितलाय? खपंल.”

पोरगी बराच वेळ त्या हिरव्या स्वेटरवर हात फिरवत बसली.

“आजे, दहिवडीची गाडी कितीला हाय?”