नानांच्या जीपचा मागला बंपर

माजं म्हायेर जत तालुक्यातलं, पार कर्नाटकाच्या शिवंवर. आमी लोहार, घरात मराठी आन् गल्लीत कानडी, आईला आमी आव्वाच म्हनायचो. तिकडं पाऊस म्हंजे पावना, आला तर आला, न्हाईतर वाट बघत बसा. न्हानपनचं मला खेळ-बिळ काय आठवत न्हाई, भाता आठवतो आन् घण आठवतो. आमच्यात बापय सांडशीनं तापल्यालं लोखंड ऐरणीवर धरतो आन् बाई घण मारती, ही रीत हाय. लोकास्नी बघून नवल वाटतं, बाईमानूस घण कसा उचलतंय. आवं, न उचलून सांगती कुनाला? आव्वा पोटुशी असताना घण मारत व्हती, म्हादू पोटात व्हता तवा, म्हादू म्हंजे माजा पाठचा भाऊ, त्याचंच सांगायचंय तुमास्नी, पन जरा दमानं सांगते.

मला दिली हितं आष्ट्यात. काळी जमीन, ऊस, पानी, आव्वा म्हनली पोरगी सुखात पडली. सुख कसलं, हितंबी घणच. पन मालक चांगलं व्हतं. त्यांचं नाव मी घ्येत न्हाई, भाईर पत्र्याच्या पाटीवर लिवलंय, पुसट झालंय, दिसलं तर वाचा. साखर कारखान्यावर हंगामाला जाऊन जाऊन ह्यांनी वेल्डिंग शिकून घ्येतलं, मग नांगर, कुळव, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा हे तर चालूच, पन जीपगाड्यांचं काम याया लागलं. त्या टायमाला मिलिटरीच्या जुन्या जीपा लिलावात निघायच्या, उसवाली मानसं घ्यायची. रस्तं म्हंजे नुसतं धोंडं, एकदा निघालं की टायर फुटनारच, स्टेपनी तर पायजेच, आन् मागं बाकड्यावर मानसं कोंबली की ती ठेवायला जागा कुठं? मग ती मागं भाईर टांगायची. मागला बंपर जाड करायचा आन् त्याच्यावर स्टेपनीचा ठेवा, म्हंजे टायर अडकवायची चौकट, बसवायची. ह्यांच्या हातचा बंपर लय नावाजला. पार महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला आला व्हता, तिकडं पाऊस मुलखाचा, तर ह्यांनी त्याच्या बंपरच्या पायपाला खालनं भोकं पाडून दिली, पानी साठून आतनं कुजू नये म्हनून. त्यो मानूस पुढच्या खेपंला पेढं घिऊन आला.

ह्यांचं एक व्हतं. बंपर कुनाचाबी असू द्या, हे पैलं इचारनार, ह्याच्यावर उभं कोन ऱ्हानार? लोकं हसायची. म्हनायची, आरं टायर ऱ्हानार, दुसरं कोन? हे म्हनायचं न्हाई, मानूस ऱ्हानार. आपल्याकडं जीप म्हनली की आत धाकल्यांला जागा कवा मिळती, किलीनर हाय, गडी हाय, त्यो मागं बंपरवरच लोंबकळनार, स्टेपनीला मिठी मारून. टायर गप बसतो, मानूस हिंदकळतो. म्हनून बंपरचं दोन्ही पाय खालच्या चासीला, म्हंजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टानं आवळायचं, भाईरच्या पत्र्याला हात लावायचा न्हाई, ह्यो त्यांचा कायदा. आन् बसवून झाला की मी, सासूबाई आन् हे, तिगंबी त्याच्यावर चढायचो, हे म्हनायचं टाक वजन, आमी नाचल्यावानी उड्या मारायचो, आन् सासूबाई शिव्या घालायच्या. मग मी हातोडीनं सांध्यावर टोलं घालायची. चांगला जोड खणखणतो, खोटा भद वाजतो. माज्या कानानं पास केल्याबिगर गाडी दारातनं हालत न्हवती. तवा लय ऐट व्हती मला, खोटं कशाला बोलू.

मग त्यो दुष्काळ पडला. जतकडं तर काय उरलंच न्हाई, मेंढरं मेली, लोकं खडी फोडाया लागली. म्हादू माज्याकडं आला, आक्का, कुठंतरी चिकटीव म्हनला. हितं नाना म्हनून बडं बागायतदार, त्यांनी दुष्काळी रस्त्याचं ठेकं घ्येतलं व्हतं, तेबी जतलाच, आन् नुकतीच जीप घ्येतल्याली. मी त्यांच्या वाड्यावर जाऊन पदर पसरला, माज्या भावाला ठिवून घ्या, त्याला कानडी येती, तुमच्या कामाचा हाय. ठिवून घ्येतलं, किलीनर म्हनून. माजीच करनी, दुसऱ्याला काय बोल लावायचा.

त्या नानास्नी जीपला मागला बंपर पायजे व्हता. आलं आमच्याकडंच. पन त्यांनी साताऱ्यात कुना सायबाच्या गाडीला बघितला व्हता, स्टेपनीचा ठेवा फाटकावानी एका बाजूला उघडनारा, चकचकीत, वर नाव काढल्यालं. तसलाच पायजे म्हनलं. ह्यांनी सांगितलं, नाना, फाटक एका बिजागरीवर लोंबतं, आपल्या धोंड्यांवर ती बिजागरी उचकटून निघंल, मी सरळ ठोकळा करून देतो, दिसाया वंगाळ हाय पन मानूस उभा ऱ्हाईल. नाना म्हनलं, मला जीप सजवायचीय रं, बैलगाडी न्हवं. आन् ग्येलं निघून. मग सांगलीतनं कुठल्यातरी गॅरेजातनं करून आनला, लय देखना.

आता आमच्याकडची एक रीत ऐका, तिनंच घात क्येला. खंडेनवमीला गल्लीतलं समदं लोखंड लोहाराच्या ऐरणीला आनायचं, ऐरणीला हळद-कुंकू, मग त्या लोखंडाला. इळा खुरपं बाजारातनं का आनंना, पन हळद लागायची ती आमच्या दारात. नानांनीबी जीप आनली. झेंडूची माळ घालून, दारात उभी क्येली, सगळा गाव बघाया. ह्यांनी हळद लावली, आन् हात फिरवता फिरवता खाली वाकून बघितलं. उठलं, मला म्हनलं टोला दे. मी दिला. भद. ठेवा पत्र्यावर बसवला व्हता, चासीला न्हाईच. हे नानास्नी म्हनलं, सनाचा दिवस हाय पन सांगतो, ह्याच्यावर टायर न्या, मानूस नेऊ नका. नाना हसलं, म्हनलं, तुज्या हातनं न्हाई क्येला म्हनून पोटात दुखतंय व्हय रं? म्हादू तिथंच उभा व्हता, जीपला हात लावून. त्यानं सगळं ऐकलं. ह्यांनी त्यालाबी सांगितलं, गड्या, मागं चढू नगंस. त्यो म्हनला, दाजी, मग बसू कुठं?

आता त्याचंबी खरंच व्हतं की. आत नाना, नानांचं पावनं, मुकादम, ह्याला कोन देनार जागा?

मग व्हायचं त्येच झालं. जतच्या पल्याड खडी टाकल्याला रस्ता, गाडी आपाटली, बिजागरी पत्र्यासकट फाटून आली, स्टेपनी आन् ठेवा घिऊन म्हादू खाली, आन् ते धूड त्याच्या मांडीवर. मिरजंला दवाखान्यात न्हेला. पाय काढला, गुडघ्याच्या वरनं.

आन् काय सांगू तुमास्नी, म्हादू अजून शुद्धीवर यायचा व्हता तवर गावात बोंब झालीबी, लोहाराचा बंपर मोडला. नाना चावडीवर म्हनलं, त्याच्या दारात हळद लागल्याली सगळ्यांनी बघितलीया. बघितली व्हती की! माळ घातल्याली, आमच्या दारात उभी! मी धावत वाड्यावर ग्येले, दारात उभं ऱ्हाऊन बोंबलले, म्हनलं खोटं बोलतायसा, सांगलीतनं आनला तुमी. चार मानसं जमली. नाना लय शांतपनी म्हनलं, बाई, तू बायकू हायस त्याची, तू असंच बोलनार. तुज्या भावाला इचार, त्यो काय सांगतोय.

मी मिरजंला ग्येले. म्हादू भिताडाकडं तोंड करून पडल्याला. म्हनलं, म्हाद्या, तुज्या कानानं ऐकलंस तू, सांग त्यास्नी. मग भिताडाकडं बघूनच म्हनला, आक्का, नाना मला जलमभर संभाळतो म्हनल्यात. तुला दाजी हाय, मला कोन हाय?

मी तिथनं उठले. त्याला दोन पाय असतं तर तोंडात मारली असती. मारावं का रडावं मला कळंना, नुसती यष्टीत बसून आले.

आव्वाला त्यानं दाजींचाच बंपर मोडला म्हनून सांगितलं. आव्वा दारात आली आन् म्हनली, तुज्या नवऱ्यानं माज्या लेकाचा पाय घ्येतला. आत आली न्हाई, पानी पेली न्हाई. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ग्येली ती. मला कळवलंबी न्हाई, तिसऱ्याच्या तोंडनं कळलं. माती झाल्यावर पोचले मी. माजं म्हायेर तिथंच सपलं. आन् ह्यांचं काम? एकेक जीप कमी व्हत ग्येली. तोंडावर कोन बोलत न्हाई, पन गाडी पुढं न्हेऊन दुसरीकडं लावायची. हे भांडलंच न्हाईत. मी म्हनायची, आवं बोला की, तोंड हाय का न्हाई तुमास्नी! हे म्हनायचं, किती जनांच्या दारात जाऊन बोलू? आता सांगलीला एका वर्कशॉपात हाताखाली हायत, दुसरा जोड मारतो आन् हे धरून बसत्यात. आवशीला, म्हंजे अमुशाला, सुट्टी, तवा घरी येत्यात. मी हितं खुरप्यांना धार लावते.

गेल्या आवशीला म्हादू आला. इतक्या वर्षांत पैल्यांदा. नानांच्या उसाची राखन करतो, कुबडीवर. कुबडीच्या बुडाचं लोखंड झिजून ग्येल्यालं, वल्या बांधावर घसरतंय म्हनला. उंबऱ्याच्या भाईरच उभा. आवशीला आमी भाता पेटवत न्हाई, ह्यांनी जलमात कवा पेटवला न्हाई. हे उठलं, कुबडी हातात घ्येतली, बूड बघितलं, आन् भाता पेटवला. मला म्हनलं, घण घे.

मी म्हनलं, म्हाद्या, आदी चावडीवर चल आन् एकदा खरं सांग, मग मारते. त्यो चौकटीला धरून उभा व्हता. म्हनला, आक्का, माजी दोन पोरं हायत, राखनीवर जगत्यात.

हे म्हनलं, लोखंड गार व्हतंय.

मग काय करता, मारला घण. रडत मारला, शिव्या घालत मारला, पन टोला चुकवला न्हाई. ह्यांनी नवी टोपी बसवली, रिवीट मारली, आन् कुबडी त्याच्या हातात देऊन म्हनलं, टाक वजन. म्हादूनं टाकलं. हे म्हनलं, पुरं टाक, घाबरू नगंस. त्यानं सगळा भार टाकला, कुबडी जागची हालली न्हाई. मी वाकून हातोडी मारून बघितली, सवयच ती. खणखणली.

पैसं द्याया लागला, ह्यांनी घ्येतलं न्हाईत. गल्लीतनं ग्येला त्यो, वाजवत वाजवत, दोन्ही अंगाची दारं उघडी, सगळी बघत व्हती, एकानंबी इचारलं न्हाई कुनाच्या हातचं काम हाय म्हनून. आन् त्यानंबी सांगितलं न्हाई.

जाऊंद्या. पाठचा हाय माजा, औक्ष लाभू दे त्याला, त्याची पोरं सुखात ऱ्हाऊंदेत. कुबडी काय त्याची मोडायची न्हाई, तेवढं मी लिवून देते तुमास्नी.