पुनवेला सुटी नसते

माझा जन्म खाडीच्या पलीकडचा, भिवंडीच्या बाजूचा, आणि संसार खाडीच्या अलीकडे, कोलशेतला, म्हणजे अख्ख्या आयुष्यात मी लांब गेले ती एक खाडी ओलांडून, तीपण होडीत बसून, नवी साडी भिजेल म्हणून दोन्ही पाय वर घेऊन, परातीत ठेवलेल्या कोंबडीसारखी. बाप मिठागरात कामाला होता, आई डोक्यावरून मीठ वाहायची, आम्ही पोरं बांधावरून धावत मोठी झालो. सासरी मासेमारी. तर तुम्ही म्हणालात बोला आजी, मी लिहून घेते, म्हणून बोलते, पण आधीच सांगून ठेवते ताई, तरुणपणी मी म्हणून जी बाई होती ना, ती चांगलीच बावळट होती, आणि तिच्याबद्दल बोलताना मी काही तिची भीडभाड ठेवणार नाही.

गावाच्या मागे जुनं मिठागर होतं. ते बंद पडलं, तिथं पाणी साचायला लागलं, पाण्यावर पाखरं उतरायला लागली. मग पाखरांच्या खात्याचे एक साहेब आले, म्हणाले हे तळं पाखरांसाठी राखायचंय, गावातला माणूस पाहिजे. काम काय, तर तळं आणि खाडी यांच्यामध्ये बांध आहे आणि त्या बांधात एक दार आहे, आम्ही त्याला उघाडी म्हणतो. दोन बाजूंना दगडात खोबणी आणि त्या खोबणीत एकावर एक बसवलेल्या जाड फळ्या. फळ्या काढल्या की भरतीचं पाणी आत येतं, बसवल्या की आत आलेलं पाणी अडून राहतं. पाखरांचं घर राखायचं म्हणजे ते पाणी राखायचं, थंडीत कुठं गुडघाभर, कुठं घोटाभर, उन्हाळ्यात पार सुकवून जमीन तडकू द्यायची, पावसाळ्यात ओहोटीला सोडायचं नाहीतर बांध फुटतो. आणि त्या उघाडीला कुणाला जाळं लावू द्यायचं नाही. इथंच सगळे पुरुष मागे सरकले. ओहोटीला तिथून कोळंबी नुसती ओतायची, भावकीतले सगळे तिथं जाळं लावायचे, त्यांना नको म्हणायला कोण जाणार. साहेब दारोदार फिरले आणि शेवटी आमच्या ओट्यावर येऊन पाणी मागितलं, आणि पाण्याचा तांब्या घेऊन कोण बाहेर आली, तर ही बावळट.

तेव्हा मला काय हवं होतं सांगू का, मला घराबाहेर पडायचं होतं, बस्स. सासू दारात बसलेली असायची, खाट तिथंच, पान तिथंच, आणि मी राख टाकायला उठले तरी, कुठं निंगालीस गो. राख टाकते. लांब टाकतंस कशाला. असं. त्यामुळे साहेबांनी माणूस पाहिजे म्हटल्याबरोबर मी तांब्या धरूनच बोलले, बाई चालेल काय. आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले. सासू म्हणाली, मिठागरातली पोर ती, चिखलाशिवाय करमत नाय तिला. पण हे नाही म्हणाले नाहीत, घरात एक पगार येईल म्हणून असेल नाहीतर घरातली कटकट कमी होईल म्हणून असेल, मी कधी विचारलं नाही.

खात्याचं काम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय, तर खुर्ची, पंखा, टेबलावर घंटी. पहिल्या दिवशी मी हळदीकुंकवाला नेसायची ती साडी नेसले, पावडर लावली, केसात अबोली माळली, नवीन चपला घातल्या आणि सासूच्या समोरून अशी ऐटीत गेले की ती विचारायचं विसरली. आणि बांधावरून खाली पाय टाकला तो मांडीपर्यंत आत. चिखल ओढतो ना, तो पायाला धरतो, जितकं उपसावं तितकं घट्ट. साहेब बांधावरून म्हणतात, ताई हलू नका, आडव्या व्हा. आता त्या साडीत आडवी कशी होऊ. शेवटी झाले आडवी. मला ओढून काढली, चपला तिथंच राहिल्या, अबोली तेवढी जागच्या जागी होती.

पहिल्या थंडीत तर मी कमालच केली. बदकं येणार, लांबून येणार, हिमालय ओलांडून येणार असं साहेबांनी सांगितलेलं, तर मला वाटलं एवढ्या लांबचे पाहुणे, त्यांना हात आखडून कसं वाढायचं. मी प्रत्येक उधाणाला फळ्या काढून पाणी घेतलं आणि तळं काठोकाठ भरलं. बदकं आली, उतरली, इकडून तिकडे पोहली, लग्नाच्या मांडवात पानच मांडलेलं नसेल तर माणसं कशी हिंडतात तशी, आणि दोन दिवसांत उडून गेली. मला वाटलं आपल्या गावची हवा मानवली नाही. मग पाखरांचा अभ्यास करणारी एक मॅडम आली पुण्याहून, बारीकशी, माझ्याहून लहान, तिनं काठी बुडवून पाणी मोजलं आणि हसायलाच लागली. म्हणाली, मावशी, हे बदक शेपटी वर करून डोकं खाली घालतं आणि तळाचं खातं, एवढ्या खोल पाण्यात त्याची चोच पोचणार कशी, त्याला पोहायला नको हो पाणी, जेवायला पाणी हवं. बरोबर होतं तिचं. पाणी उतरवलं, आणि पुढच्या अवसेपर्यंत थापट्या आला. थापट्या म्हणजे ते चमच्यासारख्या चोचीचं बदक, पाण्यात गोल गोल फिरतात सगळी मिळून, चिखल ढवळतात आणि चोचीनं गाळून खातात. मी काय ती बघत बसले, ताई, भाकरी खायची राहिली. रोहित पक्षी आले की लोक टॉवरच्या गॅलरीतून फोटो काढतात, त्यांचं कौतुक सगळ्यांनाच, पण माझा आपला थापट्या.

तर ही हौस आणि आता तिची किंमत ऐका. पाणी चंद्रावर चालतं. पुनवेला आणि अवसेला उधाण, मोठं पाणी तेव्हाच येतं, आणि मोठं पाणी आलं की उघाडीवर माणूस पाहिजे. आणि आपले सणवार कशावर, तेपण चंद्रावर. होळी पुनवेला, नारळी पुनवेला, कोजागिरी पुनवेला, दिवाळी अवसेला, घट बसतात ते अवसेच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे बघा, जगात जेव्हा सण तेव्हा मी बांधावर. टेंभी नाक्याची देवी इथून काय लांब आहे, रिक्षानं जाऊन यावं, पण घटस्थापनेला तिचं तोंड मी कधी बघितलं नाही. नारळी पुनवेला अख्खं गाव वाजतगाजत नारळ घेऊन खाडीवर जातं आणि मी तिकडे फळ्या उपसते. सासूच्या तावडीतून सुटायला निघाले होते, ती आकाशातल्याच्या तावडीत जाऊन पडले. सासूला निदान दुपारी झोप लागायची.

माझ्या भावाच्या हळदीचं सांगते. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी, तिला बहीण नसेल तर हळद कसली. नेमकी पुनव. तरी मी ठरवलेलं, दुपारची भरती घेऊन होडीनं पलीकडे जायचं. तर खेकड्यांनी बांध पोखरलेला, पाणी भस्सकन बाहेर, सगळं तळं रिकामं होणार. मी चिखलाचे गोळे लावत राहिले, हे मदतीला होते, एक भोक बुजवलं की दुसरं. संध्याकाळ झाली. पलीकडच्या काठावर मांडवाचे दिवे लागले आणि बँजो सुरू झाला, खाडीच्या पाण्यावरून आवाज असा येतो की जणू शेजारीच. मग बँजो थांबला आणि धवलारीण गायला लागली, आमच्यात लग्नाची गाणी म्हणणारी बाई असते ती, आणि गाण्यात तिनं बहिणीचं नाव घेतलं, माझं, ऐकू आलं मला. हे म्हणाले, जा तू, मी बघतो. पण होडी ओहोटीनं चिखलात बसलेली. मी इथंच हाताला लागलेला चिखल गालाला लावला आणि म्हटलं, झाली हळद. हे हसले. मी नाही हसले.

असं करत करत सगळं निघून गेलं. सासू गेली, हे गेले. मुलगा खोपटच्या डेपोत मेकॅनिक आहे. मुलगी डोंबिवलीला पाचव्या मजल्यावर राहते, ती फोन केला की म्हणते, आई, आता बस कर, माझ्याकडे ये, चार दिवस नुसती झोपून राहा. मला जायचंय हो. मला खरंच जायचंय. कुठल्या तिथीला भरती किती वाजता हे माझ्या डोक्यातून कुणीतरी काढून घ्यावं असं वाटतं.

आणि आता जे नवीन साहेब आलेत, पोरगेलेसेच आहेत, ते उन्हाळ्यात घरी आले आणि म्हणाले, आजी, तुमच्यानंतर कोण, कुणाला तरी आत्तापासून शिकवा, तुमच्या घरातलंच कुणी असेल तर बरं. हर्षाली, माझी सून, चहा घेऊन उभी होती. तिचे डोळे मी बघितले. ते डोळे मला माहीत होते, तांब्या घेऊन बाहेर आलेलीचे. मी म्हटलं, हिला नको, बाहेरचा माणूस बघा. हर्षालीनं चहा खाली ठेवला, इतक्या हळू की कपाचा आवाजसुद्धा नाही, आणि आत गेली.

साहेब गेल्यावर बोलली ती. म्हणाली, आई, तुम्ही सगळी जिंदगी बाहेर काढली, बांधावर उभ्या राहिलात, साहेब लोक तुम्हाला विचारून काम करतात, आणि मी काय, गॅस आणि वॉशिंग मशीन. तुम्हाला सोडवत नाही ते सोडवत नाही, सरळ सांगा ना. मी म्हटलं, अगं, ते बाहेर नाही, ती दुसरी खोलीच आहे, नुसतं छप्पर नाही तिला, बांधून टाकेल तुला. ती म्हणाली, तुम्हाला टाकलं बांधून, तर थापट्या बघून हसता कशाला एकट्याच.

मी कप विसळायला उठले, ताई. आणि ती त्या दिवसापासून बोलायची थांबली. जेवायला वाढायची, औषध हातात द्यायची, सगळं वेळेवर, पण शब्द नाही. मी दारातल्या खुर्चीवर बसायचे, ती पुढून जायची, आणि माझ्या तोंडावर यायचं, कुठं चाललीस. मी जीभ चावायचे. बघा ना, तिच्या डोळ्यांत मी कोण झाले होते. तिला कोंडू नये म्हणून नाही म्हटलं, आणि कोंडणारी म्हातारी मीच ठरले.

खात्याला बाहेरचा माणूस काही मिळेना. पावसाळ्यानंतर माझी कंबर धरायला लागली. कोजागिरीच्या दिवशी दुपारची भरती, थंडीआधीचं पहिलं पाणी आत घ्यायचं होतं, मी फळीला आकडा लावला आणि ओढायला गेले तर कंबरेत अशी कळ आली की ना वर होता येई ना खाली. फोन घरी राहिलेला. पाणी चढत होतं. मी उघाडीच्या कठड्याला धरून तशीच वाकलेली, कोणी लांबून बघितलं असतं तर वाटलं असतं म्हातारी पाण्यात आपलं तोंड बघतेय.

मी वेळेत परतले नाही आणि फोनही घरीच दिसला म्हणून हर्षाली बघायला आली. तिनं मला हाताला धरून बांधावर बसवलं, ओढणी कंबरेला खोचली, उघाडीवर गेली, आकडा उचलला आणि पाठमोरीच विचारलं, किती काढायच्या. इतक्या महिन्यांनी पहिला शब्द तो. मला म्हणायचं होतं, ठेव ते, घरी जा, मीठ साचलेल्या या खड्ड्याचं काय व्हायचं ते होऊ दे. पण पाणी फळीच्या कडेला लागलेलं, अजून थोडा वेळ गेला असता तर भरती फिरली असती आणि पुढचं एवढं पाणी पंधरा दिवसांनी. मी म्हटलं, वरच्या दोन. खालच्या फळीवर पाय देऊ नको, शेवाळलीय.

तिनं दोन्ही काढल्या. पाणी आत आलं, कोरड्या जमिनीवरून पसरत गेलं, फुस्स असा आवाज करत, तडकलेल्या भेगांतून बुडबुडे काढत. भरती फिरायच्या आत तिनं फळ्या परत बसवल्या. काम झालं होतं, पण ती उभीच. मी म्हटलं, कुकर लावलाय ना घरी. हो, म्हणाली, आणि उभीच राहिली.

त्यानंतर तिनं विचारलं की मी सांगते. विचारलं नाही तर सांगत नाही, एवढंच माझ्या हातात राहिलं. पुढच्या महिन्यात लेकीकडे जाईन म्हणते डोंबिवलीला, अवस आहे मधे, हर्षाली म्हणते जा तुम्ही, मी आहे. तिच्या माहेरी त्याच आठवड्यात साखरपुडा आहे, तोही उधाणातच येतो हे तिच्या लक्षात आलंय की नाही, मी विचारलेलं नाही. बाकी देवाकडे मागायचं ते मी मागून ठेवलंय. म्हटलं, बाबा, तिला सगळं दे, फक्त हे काम तिला माझ्याहून थोडं कमी आवडू दे.